ग्रेडनची ग्रेलिन

लरूबाईंना चार मुलगे झाले आणि चौघांसाठी मिळून त्यांनी डोकं एकदाच चालवलं. हेडन, जेडन, ब्रेडन, ग्रेडन. अंगणातून हाक मारली की एक तर चौघंही यायचे, नाही तर एकही यायचा नाही. पुढं नाती झाल्या तेव्हा तेवढाही त्रास उरला नाही. हेडनची हेलिन, जेडनची जेलिन, ब्रेडनची ब्रेलिन. ग्रेडनच्या बायकोला, नोराला, या साच्यातल्या बिस्किटांचा मनापासून तिटकारा होता.

तिच्या मुलीचं नाव इन्ग्रिड ठरलं होतं. नोराची आई वसंतात गेली. जायच्या आधी लेकीच्या पोटावर हात ठेवून तिनं बाळाला स्वतःचं नाव दिलं होतं, आणि ग्रेडन तेव्हा शेजारी उभा राहून ढसाढसा रडला होता.

"इन्ग्रिड?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, बाकीच्या पोरींत शोभेल का ते? मी तर दुलईवर ग्रेलिन भरूनसुद्धा ठेवलंय."

"मग उसवा," नोरा म्हणाली.

गाडीत बसल्यावर ग्रेडनला कंठ फुटला. "तू कशाला तिच्या तोंडी लागतेस? चर्चमध्ये नाव मीच घेणार ना? इन्ग्रिडच घेईन. शब्द दिला."

महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे चर्चच्या उपासाच्या रविवारी, आयडाहोहून आलेली सगळी सासरमंडळी चर्चमध्ये हजर होती. तिथं नाव बाप ठेवतो, आई बाकावर बसून ऐकते. चौघे भाऊ आणि सासरे गोल करून उभे राहिले, मधे सगळ्यांच्या हातांवर बाळ. डोळे मिटण्याआधी ग्रेडननं पहिल्या बाकाकडे पाहिलं. लरूबाई मांडीवर दुलई घेऊन बसल्या होत्या.

"हिचं नाव," तो माइकमध्ये म्हणाला, "ग्रेलिन."

नोराला राग नाही, किळस आली. एवढा दाढीमिशीचा बाप्या, आणि आईच्या एका नजरेनं पाघळला!

बाळ तिच्याकडे देताना तो कुजबुजला, "घरी आपण इन्ग्रिडच म्हणू गं."

"चोरून?" ती म्हणाली.

त्यानंतर, दर उपासाच्या रविवारसारखं, ज्याला मनातलं बोलायचं त्यानं पुढं येऊन बोलायचं होतं. लग्न झाल्यापासून नोरा कधी उठली नव्हती. आज ती बाळाला घेऊन माइकपाशी गेली.

"हिचं नाव इन्ग्रिड आहे. माझ्या आईनं मरताना दिलेलं. मघाशी तुम्ही ऐकलंत ती हिच्या आजीची हौस होती. हिच्या बापाला सगळं ठाऊक आहे, पण आईसमोर त्याची जीभ वळत नाही. म्हणून मी सांगतेय."

लरूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. ग्रेडननं घाईघाईनं सरकून बाकावर जागा केली आणि बाळासाठी हात पुढं केले.

नोरा त्याच्यासमोरून चालत शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथं बसून तिनं मुलीला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, नावानं हाक मारली.