डाव्या हाताचा खांब

"या, जवळ या. हात लावून बघा," प्राध्यापक म्हणाले. "सातशे वर्षांपूर्वीचा हात आहे हा."

पाहुण्यांनी एकेक करून खांबाला हात लावला. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून डावऱ्या उभा होता. धंद्याने पाथरवट, हाताने डावखुरा. खरं नाव घेऊन त्याला कुणी हाक मारत नसे. आज त्याने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. अकरा महिने तो या दिवसाची वाट बघत होता.

"छिन्नीचे घाव बघा," प्राध्यापक सांगत होते. "बाकी सगळ्या खांबांवर ते उजवीकडून डावीकडे उतरतात. इथे उलटे! म्हणजे कारागीर इथला नव्हे. सुलतानाने दूरदेशाहून आणवलेला कुणी उस्ताद. माझ्या पुस्तकात पान चौऱ्याऐंशीवर मी हे मांडलंय."

टाळ्या झाल्या. बाहेर मशिदीच्या अंगणात, हौदाच्या कडेला, त्या पुस्तकाच्या आज प्रकाशित होणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे रचलेले होते.

त्या पुस्तकातलं बाकी सगळं डावऱ्याच्या बायकोचं होतं. ती वीस वर्षं ही मशीद झाडत होती. फरशी धुताना पाणी कुठे वळतं ते बघून तिने ओळखलं, की जमीन हौदाच्या बाजूला चार बोटं उतरती आहे, आणि बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम तशी ठेवली आहे. मग तिला नादच लागला. गाठी मारलेली दोरी घेऊन तिने एकेक खांब मोजला. आखूड खांबांखाली दगडी चकत्या घालून ते बाकीच्यांच्या बरोबरीला आणलेत. नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे जाताना खांबांच्या ओळी जराजरा जवळ येतात, म्हणून दालन आहे त्याहून लांब वाटतं. उत्तरेचा मिनार अर्ध्यावरच थांबला, कारण खालचा पाया खचला; त्याचा तडा भिंतीवर अजून दिसतो. सगळं तिने शाळेच्या वहीत लिहून ठेवलं.

प्राध्यापक तीन वर्षं घरी येत होते. "वहिनी, तुमचं नाव पहिल्या पानावर," असं म्हणून वही घेऊन गेले. पुस्तक आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पहिल्या पानावर तिचं नाव नव्हतं, शेवटच्याही नव्हतं. तिने पडल्या पडल्या सगळी पानं उलटली. मग परत पहिल्यापासून उलटली.

"जाऊन गचांडी धरतो त्याची," डावऱ्या म्हणाला होता.

"बसा गप. खांब कुठे पळून गेलेत का?"

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली, आणि डावऱ्या डूख धरून बसला.

तिच्या वहीत एकच जागा कोरी होती, ती याच खांबाची. जुना खांब तडकला तेव्हा, एकतीस वर्षांपूर्वी, मशिदीच्या त्या वेळच्या कारभाऱ्यांनी डावऱ्याकडून हुबेहूब नवा करून घेतला होता. कागद कुणी केला नाही, आणि कारभारीही पुढे वारले. "माझाच खांब का गाळलास?" असं त्याने विचारलं, तेव्हा ती हसली होती. "घरच्या माणसाचं कौतुक आपणच लिहायचं? शोभतं का?"

ती कोरी जागा प्राध्यापकांनी स्वतःच्या अकलेने भरली होती.

"कुणाला काही विचारायचंय?" प्रकाशकांनी पाहुण्यांना विचारलं.

डावऱ्या पुढे आला. "त्या उस्तादाला भेटायचंय का? मी घेऊन आलोय."

लोक हसले. प्राध्यापकही हसले. "अरे, तुम्ही! मंडळी, हे आपले..." पुढे त्यांना काही आठवेना.

"डावऱ्या," त्याने आठवण करून दिली. पिशवीतून दगडाचा तुकडा काढून तो उकिडवा बसला. उजव्या हातात छिन्नी, डाव्यात हातोडी. आठ-दहा घाव घातले आणि तुकडा खांबाला लावून धरला. दोन्हीकडचे घाव एकाच बाजूला उतरत होते.

"म्हणजे तोही डावखुरा होता!" प्राध्यापक घाईने म्हणाले. "नवीनच मुद्दा मिळाला!"

"मग खांबाच्या तळाशी, बैठकीचा सांधा खरवडा. चुना कमी पडला म्हणून मी सिमेंट भरलंय. सुलतानाने तेही दूरदेशाहून आणवलं होतं का?"

प्रकाशक वाकले. किल्लीने सांधा खरवडला आणि करडी पूड बोटांवर घेऊन बघत राहिले. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले.

"तीन वर्षं माझ्या हातचा चहा प्यालात साहेब," डावऱ्या म्हणाला. "कुठल्या हाताने देतो, तेवढंही पाहिलं नाहीत."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते जवळ येऊन पुटपुटले, "घरी येऊन सांगायचंत. असं चारचौघांत?"

"तुम्ही घरी येऊन नेलंत. मी चारचौघांत परत करतोय."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याचा जीव थंडावला. प्राध्यापक चपला शोधत असताना तो तिथेच उभा राहून बघत राहिला. एक सापडत नव्हती. त्याने तेही पोटभर पाहिलं.

अंगणात आला तर प्रकाशक फोनवर बोलत होते. "सगळ्या प्रती परत. दुकानातल्यासुद्धा. लगदा करून टाका."

"अहो, चूक एकाच पानावर आहे," डावऱ्या म्हणाला.

"एक पान खोटं निघालं, की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

"बाकीचं खरं आहे. माझ्या बायकोने मोजलंय ते."

प्रकाशकांनी फोन खाली घेतला. "कशावरून? काही आहे का तुमच्याकडे?"

"वही होती. ती त्यांच्याकडे."

दोघांनी दाराकडे पाहिलं. प्राध्यापक केव्हाच निघून गेले होते. प्रकाशकांनी मान हलवली आणि फोन परत कानाला लावला.

टेम्पोवाला गठ्ठे उचलून धपाधप आत फेकू लागला. एकाची सुतळी तुटली आणि पानं पसरली. ओळीने खांब, कमानी, मोजमापं.

"फेकू नका," डावऱ्या म्हणाला.

"रद्दीच आहे की, काका."

"माहितेय. तरी फेकू नका."

त्याने पानं गोळा केली, कडा जुळवल्या, सुतळी बांधली. मग तो गठ्ठा खांद्यावर घेतला आणि धक्का न लावता टेम्पोत ठेवला. टेम्पोवाला बिडी पेटवून बाजूला उभा राहिला. डावऱ्या दुसरा गठ्ठा आणायला वळला.