सहा बाय नऊ की घडीचा?

शनिवारी बोधगयेला निघायचं होतं आणि मंगळवार संपत आला तरी सहदेवचं ठरत नव्हतं. नंदाचं डोकं पिकलं होतं.

मुलुंडच्या बुद्धविहारातल्या मोठ्या भिंतीसाठी फोटो आणायचं काम मंडळाने या नवरा-बायकोवर सोपवलं होतं. सहदेव फोटो काढणार, नंदा तो धुऊन मोठा करणार. घाटकोपरच्या स्टुडिओत बारा वर्षं ती तेच करत होती. ओळखीच्या दुकानदाराने दोन जपानी कॅमेरे बघायला दिले होते, त्यातला एक शुक्रवारी परत करायचा. एक सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या निगेटिव्हचा, विटेएवढा जड. रोलमध्ये आठच फोटो, पण निगेटिव्ह ही एवढी! दुसरा घडीचा. मिटला की पिशवीत मावायचा, फोटो पंधरा, निगेटिव्ह मात्र निम्म्याहून लहान.

"भिंत मोठी आहे गं. मोठाच घेऊ."

"घ्या."

"पण तीन आठवडे गळ्यात वागवायचा म्हणजे…"

"मग छोटा घ्या."

"तुला यातलं गांभीर्यच नाही!"

बुधवारी ती त्याला ओढतच पवईच्या तलावावर घेऊन गेली. "दोन्हींत एकेक रोल संपवा. मी धुते. मग एक शब्द काढायचा नाही." मोठ्या कॅमेऱ्याला डोळा लावून त्याने तासभर, फोकस जुळवायला, लेन्सच्या बाजूच्या छोट्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक आणल्या. छोट्याचा रोल त्याने घाईघाईत, रागारागात उडवला.

गुरुवारी मोठ्याचा रोल काचेसारखा कोरा निघाला.

"टोपण काढलं होतं ना?" नंदाने विचारलं.

त्याने कपाळावर हात मारला. खिडकीतून सगळं लख्ख दिसतं, लेन्सवर टोपण असलं तरी.

छोट्याच्या रोलमधला एक फोटो तिने वीस बाय चोवीस इंचाचा केला. कमरेवर हात ठेवून ती स्वतःच उभी होती, कपाळावरची आठी न् आठी स्पष्ट. तो कागद तिने विहारात नेऊन भिंतीला धरला आणि सहदेवला दाराशी उभं केलं.

"दिसते का मी?"

"दिसतेस. चिडलेली."

"मग झालं."

शुक्रवारी मोठा कॅमेरा तिनेच जाऊन परत केला.

बोधगयेहून परतल्यावर बोधिवृक्षाखालचा फोटो विहाराच्या भिंतीवर लागला. यात्रेला सोबत आलेल्या, मंडळातल्या सोनूबाई काठी टेकत पुढे गेल्या, चष्मा कपाळावर सरकवून फोटोतल्या घोळक्यात स्वतःला शोधू लागल्या. सापडल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी. पोचले बघा." आणि तिथेच डोळ्यांना पदर लावला.

नंदाने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात सहदेव कानाशी पुटपुटला, "सहा बाय नऊ असता ना, तर पानन् पान दिसलं असतं."

"अहो," नंदा दातओठ खात म्हणाली, "गप्प बसा!"