तिसरी टिक
शुक्रवारी दुपारी पावणेएकला फोन वाजला, तेव्हा दीप्ती नागपुरातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जेवायला बसत होती. या वेळचा फोन बाबांचाच. त्यांच्या गावी, चिचगडला, पेपर देवरीच्या बसने दुपारी पोचायचा. तो वाचून झाला की ते तिला खबरा सांगत. तिच्या बाबांनी, उदारामांनी, अडतीस वर्षं गावोगाव डाक वाटली होती. निवृत्त झाले, तरी खबर दारी नेऊन द्यायची सवय सुटली नव्हती. बायको गेल्यावर दार एकच उरलं होतं.

"जयभीम, बाई. जेवली?"

"जेवतेय. बोला."

"एकशेएकवीस करोड झालो म्हने आपुन. मालूम हाये का?"

"मालूम आहे, बाबा." कालच टीव्हीवर आलं होतं.

"मोजनीवाला आपल्या घरी आला होता नं. म्हंजे मी बी हावो त्याच्यात." ते हसले. "अन् उद्या फायनल, मुंबईले. लंकेसंगं."

"तेही मालूम आहे. अख्ख्या देशाला मालूम आहे."

"थे बी खरंच हाये. अन् आनखीन एक..."

"मालूम आहे, बाबा. ठेवू का? डबा थंड होतोय."

डबा सकाळी सहाला भरलेला. तो केव्हाच थंड झाला होता.

"तुले तं सारंच मालूम राहते," ते म्हणाले. म्हणाले ते कौतुकानंच.

शनिवारी सकाळी अंगणात दात घासता घासता ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. दुपारी दीप्ती पोचली, तिन्हीसांजेला सारं आटोपलं. रात्री भारत जिंकला आणि गावभर फटाके फुटले. फक्त त्यांच्या गल्लीत कोणी फोडले नाहीत.

मंगळवारी केवळराम घरी आला. बस थांबते तिथेच त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, पेपर तिथेच उतरायचा. बुद्धाच्या तसबिरीशेजारी ठेवलेल्या उदारामांच्या फोटोला त्यानं हात जोडले आणि पिशवीतून घडी केलेला पेपर काढला.

"शुक्रवारचा हाये. दुकानातच सोडून गेला थो."

पेपरात निळ्या पेनाच्या टिका होत्या.

"या कशाच्या, काका?"

"तुह्याच. पेपर आला का पयले थो हाती घे अन् टिका मारे. मी म्हनो, काऊन गा, परीक्षा देऊन राहिला का? तं म्हने, पोरीले सांगाचं हाये." केवळराम हसला, मग त्याचा त्यालाच संकोच वाटला. "मी म्हनलो बी, थे नागपूरले राहते, तिले कायले सांगतेस? तिले आदीच मालूम होत असन."

"मग? काय म्हणाले?"

"म्हने, 'मालूम हाये' म्हनासाठी तं फोन उचलते नं."

दीप्तीनं मान खाली घालून पेपर उलगडला. पहिल्या पानावर जनगणना, तिच्यावर टिक. खेळाच्या पानावर फायनल, तिच्यावर टिक. तिसरी टिक पाचव्या पानावर, अगदी खाली. एका बाजूला तळ्यावर दिसलेल्या सारसांच्या जोडीची बातमी, दुसऱ्या बाजूला नागपूर बसची बदललेली वेळ, त्याखाली गोंदियातल्या जुने कुकर बदलून देणाऱ्या मेळ्याची जाहिरात. टिक नेमकी तिन्हींच्या मधल्या कोऱ्या जागेत पडली होती.

लहानपणी बाबांनी सायकलच्या दांड्यावर बसवून तिला सारस दाखवले होते. बसची वेळ ते दर फोनला विचारत, म्हणजे ती कधी येते हे विचारणं टळे. आणि तिच्या कुकरची शिटी बिघडल्याचं मागच्याच आठवड्यात तिनं सांगितलं होतं.

"काका, यातली कोणती?"

"का मालूम, माय. आमाले नाही सांगे. पयले तिले, मंग तुमाले, म्हने."

केवळराम गेला. ग्रंथालयात लोकांनी विचारलेलं पुस्तक अर्ध्या मिनिटात काढून देणारी दीप्ती तीन इंच कागदाकडे बघत बसली. समोर भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला. पेपर मांडीवर तसाच ठेवून ती मोठ्यानं बोलली. कॉलेजातली भाषा आपोआप गळून पडली होती.

"मले नाही मालूम, बाबा. सांगा. मी आयकून राहिली."