शमिकाचं घड्याळ

मला भीती वाटते हे मी सहसा कबूल करत नाही. सांवेर रोडच्या कारखान्यात माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत आणि ती मला टरकून असतात. पण त्या रविवारी राऊच्या कॉलेजात, हॉलच्या काचेला नाक लावून उभा असताना, मीच टरकलो होतो.

आत अकरा वर्षांखालच्यांच्या बुद्धिबळाची शेवटची फेरी चालली होती. माझी शमिका जिंकली तर थेट राज्याच्या संघात. भोपाळला हरली तेव्हा मी तिथंच पाठ फिरवली होती आणि घरापर्यंत तिच्याशी बोललो नव्हतो. बापानं जरा कडक असावंच लागतं, असं माझं मत.

आज मात्र डाव तिच्या हातात होता. समोरच्या देवांशपेक्षा तिच्याकडे एक हत्ती जास्त होता. तिनं घोडा हलवला, चाल कागदावर लिहिली आणि हाताची घडी घालून बसली. घड्याळाचं बटण दाबायला विसरली.

म्हणजे वेळ तिचाच जात होता. सात मिनिटं उरलेली. ती बिचारी देवांशच्या चालीची वाट बघतेय, आणि ते वस्ताद पोरगं गाल फुगवून विचार केल्याचं सोंग करतंय.

शेजारी त्याचे वडील होते, विपुलजी. "भिया, दिसलं ना तुम्हाला?" ते हळूच म्हणाले. "पण इशारा नको हं. पिछली बार तुमच्या खोकल्याची कम्प्लेंट मीच केली होती."

तो खोकला खरा होता, पण ऐकतो कोण? आता इशारा झाला तर पोरगी बाद. सहा मिनिटं. नेमका घसा खवखवायला लागला. बाटलीचं झाकण उघडायचीही भीती वाटली.

पाच. तेवढ्यात शमिकानं मान वर केली आणि काचेकडे पाहिलं. मला शोधत होती. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. मी गर्रकन पाठ फिरवली. इतका प्रामाणिकपणा माझ्या हातून क्वचितच झाला असेल.

थोड्या वेळानं दार उघडलं. शमिकाचे डोळे लाल झाले होते.

"हरले, बाबा."

"टाइम संपला?"

"नाही. चार मिनट होते."

"मग?"

"तुम्ही पाठ फिरवली ना, भोपाळसारखी. मला वाटलं, माझी काही तरी गलती झाली नि तुम्हाला दिसली. मग मी रिझाइन केलं, डाव सोडून दिला."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली.