आधी पाणी, मग बटण

मी बोलतोय तो कॅरव्हॅनच्या पोटातून. बावीस लिटरचा गीझर आहे मी, आणि सूड उगवायला वर्षभर थांबलो होतो. सुरुवातीलाच असं बोलणं बरं दिसत नाही, कळतं मला. पण आडवळणाने सांगायला गेलो तर माझा धीर सुटेल.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातला. तिथे हिवाळ्यात मला रिकामा करून ठेवत, कारण पाणी गोठलं की टाकी फुटते. बहरीनला आलो आणि सगळं उलटं झालं. इथे कॅरव्हॅन बाहेर निघते ती थंडीत, सखीरच्या वाळवंटात तंबू पडले की. उन्हाळाभर मी बुदैयाच्या एका बंगल्यामागे पत्र्याखाली कोरडा पडून असतो.

बंगला हेमचंद्र साहेबांचा. पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. मला खरं ओळखणारा माणूस मात्र संदेश. अकोल्याचा, साहेबांच्या हाताखाली टेक्निशियन. उन्हाळ्याआधी मला रिकामा करणारा तोच, थंडीआधी तयार करणारा तोच, आणि तेही शुक्रवारची सुट्टी मोडून. काम करताना तो अकोल्याला बायकोशी, श्रद्धाशी, फोनवर बोलायचा. सुपरवायझर झाला की फॅमिली व्हिसा मिळणार होता. ती आणि तीन वर्षांची पोर इकडे येणार होत्या.

रिकामा केला की तो माझ्याकडे येणारं पाणी मला वगळून परस्पर नळाकडे वळवायचा, म्हणजे नळाला पाणी येतं पण मी कोरडाच, आणि बटणावर एक पाटी लटकवायचा. ऑफिसात लॅमिनेट केलेली, स्वतःच्या अक्षरातली: 'टाकी रिकामी आहे. आधी पाणी, मग बटण.' खाली सही आणि तारीख.

आता गेल्या वर्षीचं ऐका. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगाला चटके देतं. म्हणून घरोघरी गीझर बंद करून ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणीच आंघोळीला घेतात. थंडी आली की नुसतं बटण दाबायचं. घरातले माझे भाऊबंद बारा महिने भरलेले, त्यांना ते चालतं. साहेबांनी मलाही तसंच धरलं. सखीरला पोचल्यावर पाटी न वाचताच काढली आणि बटण दाबलं.

कोरड्या टाकीत कॉइल लाल झाली आणि जळाली. ते दुखणं कोणाला सांगू?

जळका वास आला तसे साहेब बाहेर धावले. माझ्या बाजूचं झाकण उघडलं. पाटी हातातच होती. तेव्हा कुठे त्यांनी ती वाचली. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या वाळूत शिरल्या. पहिल्याच गाडीत त्यांचे वरिष्ठ, परीक्षित सर. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पाटी माझ्या पाठीमागच्या फटीत खुपसली.

"काय जळतंय हो?" मेधाबाईंनी, साहेबांच्या पत्नीने, विचारलं.

"संदेशचा प्रताप. टाकी रिकामी ठेवली आणि सांगायचं नाव नाही. निदान एक पाटी तरी लावायची!"

"आणि याला तू सुपरवायझर कर म्हणतोस?" परीक्षित सर हसले.

साहेबही हसले. त्या हसण्यात संदेशची बढती खलास झाली.

पुढच्या शुक्रवारी संदेश आला. "साहेब, पाटी तं लावली होती मी."

"मग कुठंय? पाय फुटले का तिला?"

तो वाकून चाकांखाली शोधू लागला. मी इथे दोन इंचांवर, पाठीशी पुरावा घेऊन, आणि मला तोंड नाही.

नंतर साहेब एकटे येऊन तारेने ती पाटी काढू पाहत होते. मी सोडली नाही. म्हणजे असं मला वाटतं. उष्णतेने प्लॅस्टिक चिकटलंही असेल. माझं कर्तृत्व त्यात किती, मला नक्की सांगता येत नाही. नवी कॉइल दुसऱ्याच माणसाने बसवली. तो पुढूनच काम करून गेला. आणि मी हंगामभर साहेबांना गरम पाणी देत राहिलो, मनात एकच विचार घेऊन: एकदा हा हात माझ्या तावडीत यावा.

या उन्हाळ्याआधी मला कोणी रिकामा केलाच नाही. पाणी आत साचून राहिलं. नोव्हेंबरात नळ सोडला तर सडक्या अंड्यांचा वास.

"संदेशला बोलवा," मेधाबाई म्हणाल्या.

"दुसरा कोणी नाही का?"

"तुम्हीच करता मग?"

संदेश आला. कुरकुर नाही, टोमणा नाही. आधी दाब सोडला, खालचं बूच काढलं. क्षारांचे पापुद्रे आणि काळं पाणी भळभळून गेलं. टाकीऐवजी स्वतः गंजणारी आतली कांडी बोटभरच उरली होती, ती काढून नवी घातली, पाणी नितळ येईपर्यंत मला विसळलं. मग नळ उघडा ठेवून भरू लागला. नळ खोकला, हवा गेली, धार सरळ झाली.

उरली शेवटची तपासणी. जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॅल्व्हची कळ उचलून बघायची. साहेब बरोबर समोर, कमरेवर हात ठेवून. हीच वेळ, मी म्हटलं. पण पाणी थंड होतं. संदेश ही कळ नेहमी थंड पाण्यावरच उचलतो. माझा सूड त्यानेच निववून ठेवला होता.

"साहेब, बाजूला व्हा."

"यल्ला, आटप रे."

त्याने कळ उचलली. होता नव्हता तेवढा सगळा जोर मी लावला. साहेब छातीपासून चपलेपर्यंत भिजले. उरलेलं पाणी अर्धवट उघड्या झाकणावर आपटून माझ्या पाठीमागे शिरलं आणि वाळू, कोळ्यांची जाळी घेऊन बाहेर आलं. त्याच लोंढ्यात पाटी. थेट मेधाबाईंच्या पायाशी.

त्यांनी ती उचलली आणि मोठ्याने वाचली. तारखेसकट.

"तुम्ही तर म्हणाला होतात, पाटी नव्हती."

"अगं, गडबडीत..."

"गडबडीत पाटी गीझरच्या मागे जाते?"

"मॅडम, राहू द्या," संदेश म्हणाला. "झालं ते झालं." मला त्याचा भयंकर राग आला.

"नाही राहू देणार. परीक्षितना फोन लावा. स्पीकरवर."

साहेबांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं. "सर, गेल्या वर्षी तो गीझर... चूक माझी होती. संदेशने पाटी लावली होती. मी ती लपवली."

पलीकडून आवाज आला, "रविवारी ऑफिस उघडलं की हे लेखी आण. त्याचं प्रमोशन बघू, इंशाल्ला."

"इंशाल्ला नको," मेधाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "नक्की सांगा."

"नक्की."

संदेशने मान खाली घालून पाना पुसला, पुसतच राहिला. मग म्हणाला, "साहेब, टाकी भरली आहे. बटण दाबा."

साहेबांचं बोट बटणापाशी अडलं. त्यांनी वळून विचारलं, "दाबू ना?"

आज मी सखीरच्या वाळूत आहे. संदेशचे व्हिसाचे कागद गेलेत. पाटी बटणाशेजारी टांगली आहे, मेधाबाई ती काढू देत नाहीत. तरी माझं समाधान झालेलं नाही. पोर चार वर्षांची झाली तेव्हा बाप तिच्यापाशी नव्हता. ते वर्ष कुठल्या लेखी कबुलीने भरून यायचं?

तुम्हाला एवढीच विनंती: बटण दाबण्याआधी लावलेली पाटी वाचत चला. आणि साहेबांची काळजी नको. हल्ली ते नळ सोडताना आधी एक बोट लांबून धारेत घालून बघतात, मला भितात. मी त्यांना भाजणार नाही.

पण हे त्यांना कशाला कळायला हवं?