न वाजणारा डबा

आमच्या बुलडाण्यात हल्ली दर शनिवार-रविवारी काही ना काही महोत्सव असतो. पाऊस ओसरला, राजूर घाटातली हिरवळ फोटोत बरी दिसायला लागली की लोकांना एकदम संस्कृती आठवते. यंदा आमच्या महिला मंडळानेही शरदोत्सव काढला. शनिवारी भुलाबाईची गाणी, रविवारी लोणारची सहल आणि दोन्ही दिवस खाण्याचे स्टॉल.

भुलाबाई ही खरं तर स्टेजवर मांडायची गोष्ट नव्हे. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरींनी संध्याकाळी घरोघर जायचं, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे बसून गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. डबा बंद असतो. तो हलवायचा, कानाला लावायचा, वास घ्यायचा. ओळखलं तर डबा उघडतो. नाहीच जमलं तर सगळ्यांनी मिळून 'हरलो' म्हणायचं, मग उघडतो. आता पोरी संध्याकाळी ट्यूशनला असतात, म्हणून साठीच्या बायका नऊवारी नेसून माइकवर गातात आणि पोरी त्यांचे व्हिडिओ काढतात. मला हा सगळा प्रकार डोक्यात जातो. तरी मी समितीत शिरले, कारण मला रुखमाला त्या स्टेजवर बसवायचं होतं.

रुखमाबाई माझी मावसबहीण. आम्ही दोघी सोनाळ्याच्या एकाच गल्लीत वाढलो. तिला दिलं धाडजवळच्या खेड्यात, पुंजाजीच्या घरी. मी लग्न होऊन बुलडाण्यात आले आणि नवऱ्यामागे पिको-फॉलचं दुकान चालवते. रुखमाच्या सासरच्या गल्लीत तिचा डबा नावाजलेला होता, कारण तो वाजायचाच नाही. कोवळ्या मक्याची कणसं किसून, गूळ घालून ती वड्या थापायची आणि ओल्या फडक्यात घट्ट गुंडाळून डब्यात दाबून बसवायची. वासही बाहेर यायचा नाही. मी कधी भुलाबाईच्या दिवसांत गेले की बघायचे, पोरी डबा हलवून हलवून रडकुंडीला यायच्या. एकट्या छकुलीला, रुखमाच्या पोरीला, आत काय आहे ते ठाऊक असायचं. ती दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून हसत बसायची. हसण्यानं तिचे खांदे हलायचे.

त्या छकुलीनं तीन वर्षांपूर्वी संघर्षशी लग्न केलं. मुलगा चिखलीला वीज कंपनीत, शांत, निर्व्यसनी, दिसायलाही चांगला. पण बौद्ध. एवढं पुंजाजीला पुरलं. त्यानं डोक्याचे केस उतरवले, गावाला तेरवीचं जेवण घातलं आणि जिवंत पोरीला मेलेली ठरवलं. वर रुखमाला बजावलं, "तिच्याशी बोलली, तिचं नाव घेतलं, का कोनाजवळ निरोप धाडला, त माहं मेलेलं तोंड पाहशीन." मला त्या माणसाचा इतका संताप येतो की त्याच्या घरचा चहा मला गोड लागत नाही. रुखमा मात्र शपथ पाळते. ती मुळातच तशी, सांगितलेलं पाळणारी.

एकच गोष्ट तिनं ऐकली नव्हती. सर्वपित्री अमावास्येला पुंजाजी पितरांबरोबर छकुलीच्या नावाचंही पान कावळ्याला ठेवतो. दोन वर्षं त्यानं ठेवलं, दोन्ही वर्षं कावळा त्या पानाला शिवला नाही. शिवेल कशाला? पण पुंजाजीचं म्हणणं, मायचा जीव अडकून आहे, मायनंच पान ठेवलं पाहिजे. रुखमा काही त्या पानाला हात लावत नव्हती.

भादवा लागला तशी ती माझ्या दुकानात आली. मशीनशेजारी बसली, पदराला पिको करून घेतला आणि एकदम म्हणाली, "अनुपमा, आता मले धीर निघत नाई. ती खरंच मले इसरली असन का वं?"

"मंग माह्या फोनवरून लाव तिले. पुंजाजीले कोन सांगते?"

"शपथ हाय." ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुमच्या त्या कार्यक्रमात डबा सगळ्या हॉलले इचारतात ना? मी हॉलले इचारीन. ती असन तिथं, त तिच्याशिवाय कोनाले सांगता येनार नाई. तिनं सांगतलं, म्हंजे मी तिच्याशी बोलली असं थोडीच होते? मले फक्त तिचा आवाज आयकाचा हाय. ती आली, बोलली, त मी मरेपर्यंत त्या पानाले हात लावनार नाई."

"अन नाई आली त?"

"त समजीन गेली. पान ठेवतो तिच्या नावाचं, मोकळी होतो."

मी तिला काय काय सुनावलं ते इथं लिहीत नाही. पण तिचं ठरलं होतं. कार्यक्रम शनिवारी आणि अमावास्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी. निरोप धाडायचा नाही, हेही तिनं माझ्याकडून वदवून घेतलं. मी शब्दाची पक्की. निरोप धाडला नाही. फक्त कार्यक्रमाची पत्रिका धम्मशीलाच्या मोबाइलवर टाकली, तिच्यात रुखमाचा फोटो होता. धम्मशीला म्हणजे संघर्षची बहीण, इथंच एका दवाखान्यात नर्स आहे, साडीला फॉल लावायला माझ्याकडेच येते. तिनं उलट काही विचारलं नाही. नुसता अंगठा पाठवला.

पुंजाजी परवानगी देतो की नाही, ही मला धास्ती होती. पण पत्रिकेत बायकोचा फोटो बघून तो खूश झाला. शनिवारी टोपी घालून तिच्यासोबत आला आणि पहिल्या रांगेत पाव्हण्यांच्या खुर्चीवर जाऊन बसला.

निवेदिका पुण्याहून आणलेली होती. ती भुलाबाईला 'किती सुंदर कन्सेप्ट' म्हणाली, तेव्हाच माझं पित्त खवळलं. बायकांनी गाणी मात्र झकास म्हटली. रुखमाचा आवाज सुरुवातीला चिरकला, मग लागला. गाणी झाली आणि ती डबा घेऊन पुढे आली. तोच जुना डबा, पितळेचा. तिनं तो माइकजवळ धरून हलवला. आवाज नाही. हॉल हसला.

"सांगा," रुखमा म्हणाली.

"लाडू!" "चिवडा!" "करंज्या!" लोकांना मजा वाटायला लागली. मागून कुणीतरी "शेगावची कचोरी!" ओरडलं. रुखमा प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. मी विंगेत उभी होते. मला पहिल्या रांगेपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि तिच्या तर डोळ्यांवर दिवे. मोतीबिंदू पिकलेला. ती आवाजाच्या दिशेनं मान वळवायची, आवाज परका निघाला की मान परत सरळ.

हळूहळू ओरडा कमी झाला. निवेदिका म्हणाली, "आजी, आता सांगून टाका."

"थांबा वं माय," रुखमा म्हणाली. "अजून कोनी असन."

तिनं पुन्हा डबा हलवला. कुणी काही बोललं नाही. एक लहान पोर रडत होतं, ते थांबलं. पहिल्या रांगेत पुंजाजी अंग चोरून बसला होता, त्याला वाटत होतं बायको पुढचं विसरली. "सांगा ना," रुखमा माइकमध्ये काकुळतीनं म्हणाली. हा खेळ नाही, हे अख्ख्या हॉलमध्ये मला एकटीला कळत होतं, आणि मला काही करता येत नव्हतं.

शेवटी निवेदिकेनं हात वर केला, "सगळे म्हणा, हरलो!" आणि हॉल एका सुरात हरलो म्हणाला. टाळ्या पडल्या. रुखमानं झाकण काढलं, फडकं सोडलं, आणि वड्या वाटल्या. वाटताना तिनं कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मी बाहेर धावले. म्हटलं, आली नाही तर नाही, पण धम्मशीलाला तरी विचारू. गाड्या लावतात तिथं ती स्कूटी काढत होती, आणि तिच्यामागे तोंडाला ओढणी बांधून छकुली उभी होती. वाळली होती. डोळे तेच.

मी तिच्या दंडाला धरून हलवलंच. "कुठं होती तू?"

"मागच्या भिंतीजवळ. पहिल्यापासून होती, मावशी. आईचा आवाज किती बारीक झाला वं."

"मंग बोलली काऊन नाई? तोंडाले कुलूप लागलं होतं? ती जीव टाकून राह्यली होती तिथं!"

छकुली माझ्याकडे नवलानं बघत राहिली. ओढणी खाली सरकली तर ती रडत होती आणि हसतही होती. "मी कशी बोलीन? घरच्या पोरीनं खिरापत सांगाची नसते ना, मावशी. परक्या पोरींनी ओळखाची असते. मी सांगतलं असतं, म्हंजे मी त्या घरची नाई असं झालं असतं. मी तोंड दाबून उभी होती, लहानपणासारखी. कोनाले ओळखता आलं नाई, तवाच तिले समजलं असन, घरची पोरगी हॉलात हाय म्हणून. समजलं असन ना?"

आम्ही दोघी म्हाताऱ्या, जन्मभर भुलाबाई खेळलेल्या, महिनाभर खल केला, आणि हा एवढा साधा नियम दोघींच्याही ध्यानात आला नाही. आवाज ऐकायच्या नादात रुखमाला वाटलं पोरगी ओळखेल. आणि पोरगी गप्प राहून सांगत होती की मी तुझीच आहे. मी छकुलीला 'थांब इथंच' म्हटलं आणि आत पळाले. पहिली रांग रिकामी होती. कुणीतरी म्हणालं, धाडची जीप निघत होती, ते आजोबा आजींना घेऊन आत्ताच बाहेर पडले.

बाहेर येऊन पाहिलं तर जीप गेलेली, आणि स्कूटीही नव्हती. बाप गर्दीत दिसला म्हणून ती घाबरून गेली, हे मागून कळलं.

रात्रीच्या जेवणाआधी मी फोन केला. रुखमाजवळ फोन नसतो, पुंजाजीच उचलतो. "ती निजली. दमली," तो म्हणाला. मी म्हटलं, उठवा, महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, "उद्या अमावस्या हाय, लय काम हाय. परवा बोला," आणि ठेवला. मग त्यानं तो बंदच करून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणारची बस माझ्या दारापुढून निघायची होती, सहलीच्या याद्या, पाणी, सगळं माझ्याकडे. मी ते समितीच्या संजीवनीच्या गळ्यात मारलं. तिनं तोंड वाकडं केलं, करू दे. धाडची एसटी मासरूळजवळ पंक्चर झाली. जीप मिळेतो ऊन डोक्यावर आलं. रस्त्यानं सोयाबीन पिवळं पडलेलं, तरवडाला फुलं, आणि मोटारसायकलींवर पोरं-पोरी अजिंठ्याकडे फिरायला निघालेली, आरडाओरडा करत. एरवी मला ते बघून बरं वाटलं असतं.

रुखमाच्या घरात वडे-भाताचा वास भरला होता. पुंजाजी ओसरीवर पंगतीची पानं पुसत होता. "या," म्हणाला, "ती वर हाय." मी चपला न काढता जिना चढले.

रुखमा गच्चीवर कठड्याशी उभी होती. कठड्यावर पानं मांडलेली होती, ओळीनं, पितरांची. आणि त्यांच्यापासून थोडं दूर, कोपऱ्यात, एक लहान पान. त्यावर भात, वडा, आणि गूळ घातलेली मक्याची वडी.

त्या पानावर दोन कावळे होते.

"पाह्यलं का," रुखमा मला म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. "दोन वर्स शिवला नाई. आज मी ठेवलं अन लगेच शिवला."

"ती आली होती, रुखमा."

ती वळली.

"आली होती. पहिल्यापासून होती. मागच्या भिंतीजवळ तोंड दाबून उभी होती. म्हने, घरच्या पोरीनं खिरापत सांगाची नसते."

रुखमा माझ्याकडे बघत राहिली. मग ती खाली बघून म्हणाली, "पाच वर्साची होती. सगळ्या पोरींपुढं वड्या म्हणून ओरडली. मी तिच्या तोंडावर उलथनं मारलं होतं, अनुपमा. मीच शिकवलं तिले."

खालून पुंजाजीनं हाक मारली, "शिवला का वं?"

रुखमा उत्तर न देता त्या कोपऱ्याकडे धावली, पदर झटकत, "हाड! हाड!" करत. कावळे उडून समोरच्या लिंबावर जाऊन बसले. पान तिच्या हाताला लागून पालथं झालं. तिनं ते सरळ केलं आणि दोन्ही हातांत धरून बसली. त्यावर खायला काही उरलं नव्हतं.