मधल्या पाच पट्ट्या

"हात उचल. ती पट्टी माझी आहे," मास्तर म्हणाले.

"अहो, निळ्या टेपच्या उजवीकडचं सगळं माझं, असं तुम्हीच सांगितलंत ना?" बायको म्हणाली, आणि तिने कीबोर्डवरून हात उचललाही. पट्टी तिचीच होती. मास्तरांना ते ठाऊक होतं, म्हणून तर जास्तच राग आला.

मास्तर रोज संध्याकाळी हॉटेलात कीबोर्ड वाजवायचे. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला नि उजवा हात कामातून गेला. युक्तीही त्यांनीच काढली. लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डचे दोन भाग पाडायचे. डावीकडे खर्जाचा जाड आवाज, तो त्यांच्या धडधाकट हातासाठी. उजवीकडे पियानो, तो बायकोसाठी. हद्द लॅपटॉपवर ठरवायची आणि डोळ्यांना दिसावी म्हणून तिथल्या पट्टीवर निळा टेप लावायचा. आजवर जिने फक्त वायरी गुंडाळल्या, तिला त्यांनीच बोट धरून एकेक गाणं शिकवलं. काम टिकलं, घर चाललं. पण झालं काय, की बाई अशी काही वाजवायला लागली, की जेवणारे हातातला घास हातातच ठेवून ऐकायचे!

टाळ्या पडल्या की मास्तर मान लववायचे आणि लोक बघायचे तिच्याकडे. काल तर मॅनेजरने कहरच केला. "वहिनी, काय गोड हात आहे हो तुमचा! मास्तर, तुम्ही जरा मागे सरकून बसा की. वहिनी दिसतच नाहीत नीट." मास्तर हसले खरे, पण पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. स्वतःच्या बायकोवर जळतोय आपण, शोभतं का हे, असं त्यांनी स्वतःला दहादा विचारलं. शोभत नव्हतंच. म्हणून काय जळणं थांबतं?

दुपारच्या सरावात ते पट्टीवरून उगाच खेकसले ते त्यामुळेच. आणि संध्याकाळी ती पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी लॅपटॉपवरची हद्द गुपचूप पाच पट्ट्या उजवीकडे सरकवली. टेप होता तिथेच ठेवला.

तिचं पहिलं गाणं टेपच्या अगदी शेजारच्या पट्टीवरून उठायचं. तिने बोट ठेवलं आणि पियानोऐवजी म्हैस रेकल्यासारखा आवाज आला. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

ती दचकली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर छताचा पंखा बघत होते. तिने हात उचलून एक सप्तक वर नेला आणि तेच गाणं तिथून धरलं. वर ते आणखीच गोड लागलं. हसणारे गप्प झाले. ठेका चुकला तो मास्तरांचा.

मध्यंतरात ते पुटपुटले, "या मशीनचा काही भरवसा नाही बघ."

"मशीनला कशाला बोल लावता?" ती हळू आवाजात म्हणाली. "हव्या होत्या तर मागायच्या. मी नाही म्हटलं असतं का?"

तिने नखाने टेप सोलून काढला आणि पाच पट्ट्या पलीकडे नीट दाबून बसवला.

"अगं, राहू दे. होता तिथेच लाव. मी हद्द मागे घेतो," मास्तर कसंबसं म्हणाले.

"नको. उद्या परत हव्याशा वाटतील."

मॅनेजरने खूण केली. दोघं पुन्हा वाजवायला बसले. मास्तरांचा डावा हात एकदा त्या पाच पट्ट्यांपर्यंत जाऊन आला. पण खर्जाला एवढ्या वर काय काम? वाजवण्यासारखं तिथे त्यांना काही नव्हतंच. तिने मात्र टेपच्या अलीकडे एकदाही बोट आणलं नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत त्या पट्ट्या दोघांच्या हातांमध्ये तशाच पडून राहिल्या. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. ऐकणाऱ्यांना काही कमी वाटलं नव्हतं.